मदत हवी आहे: हीप शांत, पण एक्लिप्सची मेमरी वाढतेच आहे

नमस्कार मंडळी,

ऑफिसात एक्लिप्ससाठी (प्रोग्रॅम लिहिण्याचं, जावात बनलेलं सॉफ्टवेअर) आमचंच एक प्लगइन आहे. त्याचा एडिटर दिवसभर उघडझाप केला की संध्याकाळपर्यंत प्रोसेस २ जीबीच्या वर जाते. पहिला संशय अर्थातच हीपवर, म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट्स राहतात त्या मेमरीवर. जावाच्या जेमॅप या टूलने ‘लाइव्ह’ पर्याय देऊन हीपचा डंप काढला (त्याने आधी फुल जीसी, म्हणजे नको असलेल्या ऑब्जेक्ट्सची पूर्ण सफाई होते, त्यामुळे कचरा मोजला जात नाही), मेमरी अॅनालायझरमध्ये उघडला. बंद केलेले एडिटर तिथे सापडले. एक लिसनर (घडामोडी ऐकणारा ऑब्जेक्ट, जो एडिटरला धरून ठेवतो) काढायचा राहिला होता, चूक माझीच. डिस्पोजमध्ये (एडिटर बंद होताना चालणारा आवराआवरीचा कोड) तो काढला, आता एकही एडिटर अडकत नाही. जीसीनंतर हीप ६०० एमबीच्या आसपास येतो.

पण प्रोसेसची मेमरी काही खाली येईना! जावा स्वतः हीपबाहेर किती मेमरी घेते हे मोजणारं नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग चालू करून जेसीएमडी या टूलचा आकडा पाहिला, तर तोही स्थिर. एसडब्ल्यूटीने (एक्लिप्सच्या खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) ओएसकडून थेट घेतलेलं त्यात येतच नाही म्हणा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा (विंडोजकडून घेतलेले फॉन्ट, चित्रं वगैरे) कॉलम लावला, तर दर वेळी एडिटर उघडला की ४०-५० ने वाढ, बंद केला तरी खाली येत नाही. एका प्रोसेसला मर्यादा १०,००० ची, म्हणजे लवकरच बोंब.

बहुतेक कुठेतरी इमेज नाहीतर फॉन्ट डिस्पोज होत नाहीये. कोड जुना, चार जणांच्या हातचा. न सोडलेली इमेज वा फॉन्ट कोडच्या कोणत्या ओळीवर तयार झाला हे दाखवणारं स्लीक हे एसडब्ल्यूटीचं टूल कुणी अलीकडे वापरलंय का? एक्लिप्सच्या ऑप्शन्स फाइलमध्ये ग्राफिक्स ट्रेस (अशा वस्तूंची नोंद) चालू करूनही स्लीकमधली माझी यादी रिकामीच येते. काय राहतंय?