लोकरी गालिच्यावर तांबड्या रश्श्याचा डाग. साबण लावल्यावर अधिकच लाल झाला. मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या कोल्हापूरच्या घरी ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद असा, हाताने गाठी मारून विणलेला लोकरी गालिचा आहे. माझ्या सासऱ्यांनी तो २५ वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातील भदोहीहून आणला होता. ते आता नाहीत, आणि त्यांनी स्वतः निवडून आणलेली घरातली ही शेवटची वस्तू असल्यामुळे ती माझ्या हातून खराब व्हावी, याचे मला फार वाईट वाटते आहे.

आखाडातल्या शेवटच्या रविवारी घरी पाहुणे होते. गालिचा गुंडाळून ठेवायचा राहून गेला आणि वाढताना तांबड्या रश्श्याची वाटी त्यावर उपडी झाली. मी घाईघाईने धुण्याच्या पावडरचे पाणी करून ब्रशने डाग घासला. तवंगाचा तेलकटपणा थोडा कमी झाला, परंतु डागाभोवती जी पिवळी कड होती ती पाहता पाहता विटकरी लाल झाली. गालिच्याचाच रंग सुटला असे मला आधी वाटले. नंतर लक्षात आले, की मटण शिजवताना घातलेली हळद त्या रश्श्यात उतरलेली होती, आणि हळदीला साबण किंवा सोडा लागला की ती लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, ते तिच्या याच गुणामुळे.

त्यानंतर ओळखीच्या अनेकांनी खायचा सोडा पसरून त्यावर व्हिनेगर ओतण्याचा उपाय सांगितला आहे. फेस येतो तेव्हा डाग निघत असल्यासारखे वाटते खरे, पण सोडा आणि आम्ल एकत्र आले की दोन्ही एकमेकांना मारतात आणि मागे खारट पाणी उरते, मग डागावर काम कोण करणार, हे मला समजत नाही. एकाने पांढऱ्या कपड्यांसाठीचे ब्लीच सुचवले, ते वापरण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी दोन गोष्टी करून पाहिल्या आहेत. गालिच्याच्या मागच्या बाजूचा एक धागा काढून जाळला, तेव्हा केस जळल्यासारखा वास आला आणि उरलेली काळी राख बोटांत चुरली, म्हणजे लोकर अस्सल आहे. ओले पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून धरले, तेव्हा फडक्यावर गालिच्याचा मरून रंग किंचित उतरला.

डाग साधारण वीतभर आहे आणि त्याचा अर्धा भाग नक्षीतल्या पांढऱ्या पाकळ्यांवर आहे. घरातल्या साहित्याने, लोकरीला आणि रंगाला धक्का न लावता, कोणत्या क्रमाने काम करावे हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. बाहेर पावसाची झड थांबत नाही, त्यामुळे गालिचा पूर्ण भिजवणे मला शक्य नाही.

प्रतिसाद

ताई, आमच्या घरी दोन पिढ्या घोंगड्यांचे माग होते, त्यामुळे लोकरीविषयी थोडे सांगू शकतो. ब्लीच वापरले नाहीत हे फार चांगले केलेत, कारण ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. खायचा आणि धुण्याचा सोडाही लोकरीपासून लांब ठेवा, कारण क्षाराने लोकर राठ आणि कमजोर होते.

तुमच्या गालिच्यावर एक नव्हे, दोन डाग आहेत. मिरचीचा रंग तेलात मिसळलेला आहे आणि हळदीचा रंग लोकरीत मुरला आहे. आधी तेल काढा. पाच-सहा रिठे रात्रभर भिजवून, कुस्करून गाळून घ्या आणि पाणी घुसळून केवळ फेस फडक्यावर घ्या. रिठ्याचे पाणी साबणासारखे क्षारधर्मी नसते, म्हणून रेशमी आणि लोकरी कपड्यांना ते पूर्वीपासून वापरतात. डागाच्या बाहेरून आत, न घासता, टिपत जा. घासल्याने लव पिंजली जाते आणि डाग खोल जातो. दर वेळी फडक्याची कोरी बाजू घ्या, नाहीतर निघालेला रंग तुम्हीच परत लावाल. शंखजिरे किंवा मक्याचे पीठ ताज्या तेलावर फार उपयोगी पडते, पण आता त्याने विशेष फरक पडणार नाही.

मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात बुडवून घट्ट पिळलेले फडके डागावर दाबा. लाल कड पुन्हा पिवळी होईल. ती नाहीशी होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, कारण आम्लाने हळदीचा रंग बदलतो, निघत नाही. हळद खरी उडते ती उन्हाने. त्यासाठी जुन्या चादरीला डागाच्या आकाराचे भोक पाडा आणि ती गालिच्यावर अंथरा, म्हणजे ऊन डागावरच पडेल आणि बाकीचे रंग फिके होणार नाहीत. मरून भागावर प्रत्येक गोष्ट आधी कोपऱ्यात करून पाहा.

काम झाल्यावर गालिचा जमिनीवर ठेवू नका. दोन बाकांवर आडवा टाकून वरून आणि खालून पंख्याचा वारा द्या. या दिवसांत खालचा सुती ताणा, म्हणजे विणीतले उभे धागे, ओला राहिला तर बुरशी धरतो आणि कुजतो. गरम इस्त्री फिरवू नका.

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे उत्तर, ९ दिवसांनंतर

दादा, मनापासून आभार. रिठ्याच्या फेसाने तीन वेळा टिपल्यावर तेलकटपणा गेला आणि मिरचीची नारिंगी छटाही बरीच उतरली. व्हिनेगरच्या पाण्याने विटकरी कड आपण म्हणालात तशी पिवळी झाली, आणि ते पाहून मला पहिल्यांदा धीर आला. ऊन आतापर्यंत दोनच दिवस, तेही थोडा वेळ मिळाले, तरी पाकळ्यांवरचा पिवळेपणा निम्म्याहून कमी झाला आहे.

आता एकच अडचण उरली आहे. मी पहिल्या दिवशी ब्रशने घासले त्या ठिकाणी मरून रंग पांढऱ्या पाकळीत बोटभर उतरला आहे आणि रिठ्याने तो हलत नाही. त्याला हात लावावा, की तो तसाच राहू द्यावा? आपण सांगाल तोपर्यंत मी त्यावर पाण्याचा थेंबही पडू देणार नाही.