भाड्याचं फर्निश्ड घर आणि आपली जनावरं : अनुभव लिहा

काल गारखेड्यात टेम्पोत सोफा चढवताना पाहिला. उजव्या हाताचं रेक्झिन खालपर्यंत ओरबाडलेलं, आतला पिवळा फोम बाहेर. यांच्याकडं मांजर आहे, मनात म्हटलं! आणि परभणीचं घर आठवलं. सोफा, दिवाण, कपाट, कूलर सगळं मालकाचं. करारासोबत सामानाची यादी, खाली आमच्या सह्या. काकूंनी विचारलं होतं, "माणसं किती?" आम्ही म्हणालो, "दोघंच." खोटं कुठं बोललो?

मार्चअखेरीस मनीनं बंद कूलरमध्ये, गवताच्या ताटीला चिकटून तीन पिलं घातली. परभणीचं ऊन काय सांगावं. पिलांचे डोळे उघडायलाच आठ-दहा दिवस, खोक्यात ठेवली की ही बया एकेकाला मानेला धरून परत कूलरमध्ये. आम्ही खिडकीला ओली चादर बांधून बसलेलो. तेवढ्यात काकू आल्या, "कूलर बिघडला का?" म्हणत मागची ताटी काढली. पाच मिनिटं शब्द नाही. मग म्हणाल्या, "हिला दूध तरी घालता का?"

सोफ्याचे पैसे मात्र डिपॉझिटमधून कापले हं. तुमचंही लिहा.

---

"माणसं दोघंच" हाहाहा. मेले हसून. पोळ्या करपल्या इकडं.

---

लातूर, २०१६. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हाची गोष्ट. आमच्या टायगरनं मालकाच्या गादीवर कार्यक्रम उरकला. प्यायला पाणी नाही, गादी कशानं धुता? गच्चीवर वाळत टाकली तर वास गल्लीभर. शेवटी नवी करून दिली. आणि रेल्वे बघायला आम्ही टायगरला घेऊन स्टेशनवर गेलो होतो, ते वेगळंच.

---

थोडं कामाचं लिहितो. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे आणि जबाबदारी घरमालकाची. नोटरीवर भागवू नका. कुत्रं-मांजर आहे हे त्यातच लिहून घ्या. राहायला गेल्या दिवशी सोफा, गादी, दारांच्या चौकटी यांचे फोटो मालकाला व्हॉट्सॲप करा, तारीख राहते. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानंही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण मालकाशी केलेला करार वेगळा, तिथं सोसायटीचं नाव सांगून उपयोग नाही.

---

दादा, फोटोचं आधी सांगायचं होतं. आमचे चार हजार गेले, ओरखडा आधीचाच होता.

---

नांदेडला मालकानं विचारलं, जनावर वगैरे आहे का? आमचे बाबा अभिमानानं, "आहे की, लाल कंधारी बैलांची जोडी!" मालक घामाघूम. गावाकडं आहे हो, शेतावर.

---

मी मालकाच्या बाजूचा, शिव्या घाला. कुत्र्याला ना नाही. पण घर सोडून गेल्यावर दिवाणाच्या फटींतून गोचीड निघाले, दोनदा फवारणी केली. माझ्या म्हाताऱ्या आईला झोप नव्हती. आता विचारूनच देतो, भाडं तेवढंच.

---

काका, शिव्या कशाला, बरोबरच आहे तुमचं.

---

पिलांचं काय झालं ते सांगा ना आधी!!

---

दोन आमच्या ऑफिसात गेली. एक काकूंकडं आहे, सोफ्यावरच झोपतं. आमच्याच पैशाच्या.

---

विषय निघालाच आहे तर, कूलरचं गवत शहागंजात चांगलं मिळतं का? मागच्या वर्षीचं महिन्यात काळं पडलं.