ऑल-व्हील ड्राइव्ह असली तरी विंटर टायर हवेतच

‘पुण्याहून मॉन्ट्रियलला आलोय, गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, मग वेगळे टायर कशाला?’ असं तुम्ही विचारलंत आणि काहींनी ‘चालून जाईल’ म्हटलंय. कृपया तसं करू नका. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून सहज निघते. थांबते मात्र टायरच्या पकडीवरच. साधं रबर ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं. शिवाय क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या कॅनडाच्या प्रांतात आहे तिथे, १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच सक्तीचे आहेत. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह बघून घ्या. चारही बदला, फक्त पुढचे बदललेत तर वळणावर गाडीची मागची बाजू घसरते. नोव्हेंबरात गॅरेजमध्ये झुंबड असते, आधीच नंबर लावा.

काच धुवायचं पाणी उणे ४० अंशांतही न गोठणारं भरा. बॅटरी जुनी असेल तर तपासून घ्या.

आणि हे अगदी जिवाचं: रात्री बर्फ पडला असेल तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलेलं असलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, वासही येत नाही. तोवर मुलांना आत बसवायचं नाही, कितीही थंडी असो.