पवनचक्कीसाठी मोटारीचा अल्टरनेटर कितपत योग्य?

घरगुती पवनचक्कीसाठी मोटारीचा जुना अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) थेट पात्यांच्या दांड्यावर बसवावा, अशी सूचना केली जाते; ती मला पटत नाही. असा अल्टरनेटर मिनिटाला हजाराच्या आसपास फेऱ्या झाल्याशिवाय चार्जिंग करीत नाही, तर पात्यांचे दोन मीटर व्यासाचे चक्र सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात सुमारे अडीचशे फेऱ्याच घेते; शिवाय अल्टरनेटरच्या फील्ड कॉइललाही (आत चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याला) वीज द्यावी लागते. त्यापेक्षा भंगारातील ट्रेडमिलची कायमचुंबकाची डीसी मोटर बरी. मात्र मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, अन्यथा वारा पडताच बॅटरीच चक्र फिरवू लागते आणि आपण वीज तयार होते आहे अशा समजात राहतो.

वर उल्लेखलेल्या वाऱ्यात या चक्रातून जेमतेम ६० वॉट मिळतील. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातील शक्ती आठपट होते, म्हणून आपल्या बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा खरा उपयोगाचा. पण तोच धोक्याचाही आहे. बॅटरी भरल्यावर जोडणी तोडल्यास चक्र बेफाम सुटते, त्यामुळे जादा वीज हीटरच्या कॉइलमध्ये वळवण्याची सोय आधी करावी आणि मगच खांब उभा करावा.