'वेळ आली की कळतं' म्हणणाऱ्यांना

माजघर:
काल इथे शाळेतल्या लैंगिक शिक्षणाबद्दल एकांनी लिहिलं, "शाळेत ही थेरं कशाला? आपल्याला कुणी शिकवलं होतं? वेळ आली की कळतं." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. माझी वेळ सहावीत आली, मावशीकडे, गणपतीत. फ्रॉकवर रक्त बघून वाटलं, आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला. तासभर न्हाणीघरात बसून होते. मावशी एवढंच म्हणाली, "कावळा शिवलाय, आरतीला येऊ नकोस." पाळी हा शब्द पुढे दोन वर्षांनी मैत्रिणीकडून कळला. आता मी विज्ञान शिकवते. दहावीच्या भाग 2 मध्ये प्रजननाचा धडा आहे; कितीतरी वर्गांत तो 'घरी वाचून या' म्हणून सोडून देतात. 2007 साली राज्यानं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला, तेव्हाही संस्कृतीचंच कारण पुढे केलं होतं.

दोन मुलींचा बाबा:
ते मीच लिहिलं होतं. पाळीबद्दल माझं काही म्हणणं नाही, बायकोनं मुलींना सांगितलंय. धाकटीच्या वर्गात, सहावीत, कुणी पाहुणे आले आणि नॉन-बायनरी, पॅनसेक्शुअल, असेक्शुअल असे लैंगिक ओळखीचे शब्द फळ्यावर लिहून गेले. पालकांना साधी चिठ्ठी नाही. पोरगी विचारते, "बाबा, मी यातली कोण?" काय उत्तर देऊ?

तालुक्याचा डॉक्टर:
बायकोनं नेमकं काय सांगितलं, ते विचारा एकदा. माझ्याकडे मुलं 'पोटात दुखतंय' म्हणत येतात, दुखत असतं भलतीकडेच. 'गुप्तांग' म्हणून आपणच लपवायला शिकवतो. अवयवाला शब्दच नसेल तर कुणी हात लावला हे मूल सांगणार कसं? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 साली आला, पण तक्रार करायला आधी तोंड उघडावं लागतं.

निवृत्त मराठी:
शब्द कोणता देणार? इथेच घोडं पेंड खातं. 'लिंग' व्याकरणात, अर्जाच्या रकान्यात, अवयवाला आणि देवळातही. सेक्सही लिंग, जेंडरही लिंग!

माजघर:
जेंडरला 'लिंगभाव' आहे की.

निवृत्त मराठी:
तो परिसंवादातला शब्द. सहावीतलं पोर बोलेल? बत्तीस वर्षं शिकवलं मी, 'शिश्न', 'योनी' म्हणताना माझीच जीभ अडखळायची.

परभणीकर:
आमच्या बोलीत शब्द आहेत, पण ते तुम्हाला शिव्या वाटतात. संस्कृतातले सभ्य आणि आमचे अश्लील, हे कुणी ठरवलं?

निवृत्त मराठी:
प्रमाणभाषेचं भांडण इथे आणू नका.

परभणीकर:
तुम्हीच आणलंत! आमच्या आयांच्या तोंडचे शब्द घाण म्हणायचे आणि पोरांना म्हणायचं, मोकळं बोला.

दोन मुलींचा बाबा:
माझा प्रश्न राहिला बाजूलाच.

सांगलीचा:
बाबा, मी सांगतो. मला सातवीपासून बायल्या, छक्का म्हणायचे. हे शब्द वर्गात सगळ्यांना येत होते, तेव्हा कुणाच्या घरी चिठ्ठी गेली नव्हती. 'समलिंगी' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं वाचला गेला तो सप्टेंबर 2018 मध्ये, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कलम 377 चा निकाल पेपरात आला तेव्हा. आई वाचत होती. पण लैंगिक विषयांवर उघड लिहिणारे र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. वाचकांच्या असल्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934 साली खटला झाला, तो बाबासाहेबांनी लढवला.

दोन मुलींचा बाबा:
कर्वे मोठ्या माणसांसाठी लिहीत होते. सहावीच्या वर्गात अंक वाटत नव्हते.

सांगलीचा:
मान्य. पण शिव्या खाताना मीही मोठा नव्हतो.

माजघर:
चिठ्ठी पाठवायला हवी होती, कबूल. एका तासात शब्दांची यादी फळ्यावर लिहिणं हे शिकवणंही नव्हे. पण चिठ्ठी आली असती तर सही केली असती तुम्ही?

दोन मुलींचा बाबा:
नसती केली. डॉक्टर म्हणाले म्हणून बायकोला विचारलं. पॅड कुठे ठेवलेत आणि कुणाला सांगू नका, एवढंच सांगितलंय तिनं. का येते, किती दिवस असते, काही नाही. रविवारी दोघींना घेऊन आम्ही बसतोय. फळ्यावरच्या शब्दांबद्दल माझं मत बदललेलं नाही.