पावसाच्या नोंदीतले टायपो: सांगायचं की सोडून द्यायचं?

घाटमाथ्यावरचा
मंडळी, जून लागला की पावसाच्या नोंदी टाकायची जी घाई सुटते त्यात टायपिंगच्या इतक्या चुका होतायत की वाचताना डोकं फिरतं. आद्रता, अतीवृष्टी, गारपिट, पुर्व विदर्भ हे तर रोजचंच झालं. परवा कोणीतरी बोलून टाइप केलं असणार, 'घाट मातेवर जोरदार सॉरी' असं आलं आणि खाली लोकांचे हात जोडलेले. ते ठीक आहे, हसलो आणि सोडून दिलं. पण काल एका नवीन मेंबरने 'कर्जत १८५' एवढंच टाकलं. कुठलं कर्जत, रायगडचं की अहिल्यानगरचं? मिमीच ना? कुठल्या दिवसाचा? रायगडच्या कर्जतला जुलैत एवढा पडला तर कोणी मान वर करून बघणार नाही, पण नगरकडच्या कर्जतला पडला तर ती बातमी आहे राव. मी एवढंच म्हटलं की दादा जरा तपासून घ्या, तर लगेच 'तुम्ही काय मास्तर आहात का' सुरू. तर मला विचारायचंय की चुका दाखवाव्यात का, दाखवल्या तर कुठल्या, आणि समोरचा न चिडता कशा?

दादर_लोकल
ऱ्हस्वदीर्घ सोडून द्या हो. आर्द्रता फोनवर टाइप करून बघा एकदा, वर रफार, खाली अर्धा पाय, ट्रेनमध्ये एका हाताने उभं राहून कोण जुळवत बसणार. आणि आद्रता लिहिलं तरी घाम तेवढाच येतो. शब्द चुकला तर पुढच्यामागच्यावरून कळतं, आकड्याचं तसं नाही, ६२ चे २६ झाले तरी दिसायला दोन्ही पावसाचेच.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मिमी-सेमी. हवामान खात्याच्या पत्रकात पाऊस बऱ्याच वेळा सेंटिमीटरमध्ये असतो. गावाच्या नावापुढे ७ म्हणजे ७ सेमी, म्हणजे ७० मिमी, चांगला मुसळधार. आपले लोक तो ७ उचलतात आणि पुढे मिमी चिकटवतात, झाली भुरभुर.

आणि दुसरं, वहीचे फोटो. पर्जन्यमापक ठेवणारे जुने लोक वहीत मराठी आकडे लिहितात आणि ते बघून टाइप करणारा इंग्रजीत वाचतो. मराठी १४ जरा घाईत लिहिलेला बघा, १ ची शेपटी खाली गेलेली आणि ४ वरती मिटलेला, तो सरळ सरळ इंग्रजीतला अठ्ठ्याण्णव दिसतो. चौदा मिमीचा अठ्ठ्याण्णव झालेला मी स्वतः बघितलाय आणि त्याच्यावर दुपारपर्यंत चर्चा चालली होती की आजूबाजूला कोरडं असताना तिथेच एवढा कसा काय, कोणी ढगफुटी म्हणतंय, कोणी डोंगराचा परिणाम म्हणतंय. शेवटी एकाने फोटो मोठा करून बघितला.

कोरडवाहू_बीड
दादर वाल्या भाऊंना एक नंबर. तुमच्याकडं टायपो म्हणजे गंमत हाय, आमच्याकडं बियाणं जातं. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याबिगर पेरू नका म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आता कोणी आमच्या मंडळाचा ७.५ टाकायचा आन मधलं टिंब गळून ७५ झालं तर शेजारचा गडी वाफसा न बघताच तिफण काढतो, मग दहा दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे टायपो करणारा देणार हाय का?

आन भरपाईचं पण हेच. महसूल मंडळात २४ तासात ६५ मिमीच्या वर पडला तर अतिवृष्टी धरतात. ६४.५ आन ६५.४ मधी टाइप करणाऱ्याला काही फरक वाटत नसंल, एक आकडा इकडचा तिकडं, पण आमच्या गावात त्यावरून दोन दिवस पारावर बैठक बसती. पंचनाम्याला काय तुमचा मेसेज धरत नाहीत हे खरं, पण लोकांची आशा तर लागती ना. म्हणून माझं म्हणणं, आकडा चुकला तर तोंडावर सांगा, राग आला तर येऊ द्या. वेलांटीवरून मात्र कुणाला बोलू नका, आमचे निम्मे नोंद टाकणारे बोलून टाइप करतात आन त्यांच्या नोंदी सगळ्यात टायमावर असतात.

जुना_नोंदवही
सगळं मान्य, पण एक उलटी बाजू पण आहे. आकडा विचित्र दिसला की लगेच टायपो म्हणून उडवू नका. २००५ च्या जुलैत सांताक्रूझला ९४४ मिमी आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला त्याच २४ तासांत ७३ की ७४. आज कोणी असं टाकलं तर पहिली प्रतिक्रिया काय येईल? 'साहेब टिंब राहिलं, ९४.४ असेल.' आणि कुलाब्याशी जुळतं म्हणून सगळे माना डोलावतील!

तारखेचाही घोळ तिथलाच. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे तो पाऊस पडला २६ ला आणि नोंदला गेला २७ ला सकाळी. कोणी २६ लिहितो कोणी २७, चूक दोघांचीही नाही, पण एकाच यादीत दोन्ही आले की एक पाऊस दोनदा मोजला जातो.

आणि कधीकधी टाइप करणारा अगदी बरोबर असतो, यंत्रच चुकतं. २९ मे २०२४ ला दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ अंश आले, मागोमाग नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६. लोकांनी बघितलं तेच लिहिलं, नंतर खात्यानेच सेन्सरमध्ये दोष होता असं सांगितलं. तेव्हा विचारताना 'चुकलंय' म्हणू नका, 'कुठून घेतलं, स्क्रीनशॉट आहे का' असं विचारा. स्क्रीनशॉट आला तर पुढचं भांडण यंत्राशी, माणसाशी नाही.

घाटमाथ्यावरचा
@जुना_नोंदवही स्क्रीनशॉटचं पटलं. आणि चुकलेली पोस्ट डिलीट करायची का? माझं मत नको, कारण तोवर ती दहा ठिकाणी गेलेली असते आणि मूळच गायब झालं तर दुरुस्ती कशाची हेच कळत नाही.

दादर_लोकल
डिलीट अजिबात नको. त्याच पोस्टला रिप्लाय करून 'दुरुस्ती' लिहायचं आणि जुना नवा दोन्ही आकडे द्यायचे. गुपचूप एडिट करणारे तर त्याहून वाईट, खालच्या सगळ्या कमेंट वेड्यासारख्या दिसायला लागतात.

कोकणकडा_२०
उशिरा आलो. वादळांच्या नावांचं कोणीच काढलं नाही? २०२१ च्या मे महिन्यातलं ते तौक्ते, ताऊते, तोक्ते, टौकटे, ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. म्यानमारने दिलेलं नाव, इंग्रजी स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच, मग लोक तरी काय करणार. पण आता त्या वेळच्या वाऱ्याच्या नोंदी शोधायला गेलं की एका स्पेलिंगने निम्म्या पण सापडत नाहीत, चार वेळा सर्च मारावा लागतो. निसर्गच्या नोंदी बघा, २०२० च्या ३ जूनच्या, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सगळ्या एका झटक्यात मिळतात, नाव सोपं पडलं म्हणून. नावांच्या यादीत शेजारी उच्चारही दिलेला असतो, वादळ तयार व्हायच्या आधी तो बघून एकच स्पेलिंग ठरवून टाका की. पावसाळा संपून पुढचं वादळ यायला ऑक्टोबर उजाडेल, तोवर भांडून घ्या काय भांडायचं ते.