ओझरला तेजस बनू राहिलं, मग हवाई दलाला मिळायला एवढा उशीर का?

धुळेकर_नाना
राम राम मंडळी. धुळ्याहून नाशिकला जाताना ओझर लागतं, तिथं एचएएलमध्ये (सरकारी विमान कंपनी) 17 ऑक्टोबर 2025 ला तेजस मार्क-1ए या आपल्या देशी लढाऊ विमानाची नवी लाईन सुरू झाली, तिथलं पहिलं विमान उडलं पण. मिग-21 त्याच्या आधीच्याच महिन्यात रिटायर झालं, लढाऊ विमानांच्या 42 स्क्वाड्रन (तुकड्या) पाहिजे तिथं 29 उरल्या. मग 83 विमानांची ऑर्डर 2021 ची असताना एवढा उशीर का होऊ राहिला? भाचा एनडीएची तयारी करतोय, तो विचारतो आणि मला नीट सांगता येत नाही. घाईच आहे तर फ्रान्सची राफेल विमानं अजून का नाही घेत?

तापीकाठचा
नाना, मुख्य अडचण इंजिनची आहे. मार्क-1ए ला अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ-404 इंजिन लागतं, 99 इंजिनं 2021 लाच मागवली पण कंपनीची ती लाईन कित्येक वर्षं बंद होती, ती परत चालू करायची, पार्ट पुरवणारे परत गोळा करायचे, यात पहिलं इंजिन हातात पडलं मार्च 2025 ला. विमान तर 2024 पासून द्यायचं ठरलं होतं! रडार, मिसाईल, सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगलाही वेळ लागला, सगळं इंजिनवरच ढकलू नये. पण ओझरची वर्षाला 8 विमानं बनवायची ताकद असली तरी इंजिनाशिवाय ती ताकद काय कामाची.

भुसावळ_जंक्शन
राफेलचं सांगतो. 126 विमानांचं टेंडर 2007 ला निघालं, सहा विमानांच्या ट्रायल झाल्या, 2012 ला राफेल निवडलं, मग एचएएलमध्ये बनलेल्या विमानाची जबाबदारी कोण घेणार आणि किंमत किती यावर गाडं अडलं ते अडलंच, 2015 ला टेंडर रद्द आणि 2016 ला तयार 36 घेतली. शेवटचं आलं 2022 च्या डिसेंबरला. म्हणजे बाहेरून घेतलं की लगेच मिळतं असं काही नसतं भो. शिवाय आपलं मिसाईल त्याच्यावर बसवायचं तरी मूळ कंपनीला सोबत घ्यावं लागतं. तेजसवर आपण आपलं देशी अस्त्र मिसाईल आपल्या हातानं बसवलं, मला ते फार मोलाचं वाटतं.

धुळेकर_नाना
भाऊ, मग इंजिन आपणच का नाही बनवत? आपल्या देशी कावेरी इंजिनचं काय झालं?

तापीकाठचा
कावेरी 1989 ला मंजूर झालं, तेजससाठी पाहिजे तेवढा थ्रस्ट (विमान पुढं ढकलायचा जोर) मिळाला नाही, वजनही जास्त भरलं, म्हणून 2008 ला ते तेजसपासून वेगळं केलं. खरं अवघड काम टर्बाईनच्या ब्लेडचं. तिथला गॅस ब्लेडच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असतो, म्हणून अख्खं ब्लेड एकाच स्फटिकाचं ओतायचं, आतून हवेच्या बारीक वाटा काढायच्या, आणि हे जगात मोजक्याच देशांना जमतं, कोणी कोणाला सहजासहजी शिकवत नाही. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेनं 2021 ला हेलिकॉप्टरच्या इंजिनसाठी अशी 60 ब्लेडं करून दिली, म्हणजे आपल्याकडं सुरुवात झालीय. कावेरीवर टीका करणाऱ्यांनी हे पण वाचावं. आकाशात उंचावर असते तशा हवेत टेस्ट करायची सोय आपल्याकडं नसल्यानं इंजिन रशियाला न्यावं लागायचं, मग वेळ लागणारच ना.

भाच्याला सांगा, वैमानिक व्हायचंच आहे तर जरूर हो, पण मेटलर्जीवाल्यांचीही (धातुशास्त्र शिकलेल्यांची) देशाला तेवढीच गरज आहे.

भुसावळ_जंक्शन
एएमसीए या आपल्या पुढच्या देशी लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसोबत 120 किलोन्यूटन थ्रस्टचं इंजिन करायचं सरकारनं 2025 ला सांगितलंय. त्या करारात ब्लेडची ओतकाम-विद्या पूर्ण मिळते का, तेवढं पाहा. ती सोडून बाकी सगळं दिलं तर आपण परत तिथंच.